‘कार्त द व्हिजित’ला मराठीत काय म्हणावे?

टाकबोरू: पॅरिसवरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘कार्त द व्हिजित’ या जुन्या फोटो-कार्डाच्या नावापाशी अडले आहे. फ्रेंच छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत एकाच काचेवर आठेक प्रतिमा घेऊन त्या कागदावर एकदम छापत, मग कापून व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवत. त्यामुळे फोटो स्वस्त झाला आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मी ‘भेटपत्र’ लिहिले, तर ते आमंत्रण वाटते म्हणून संपादकांनी खोडले.

आडसांगवी: ‘भेटचित्र’ म्हणावे. ही कार्डे आप्तेष्टांना देत, एकमेकांत बदलत आणि आल्बममध्ये जपत. ‘भेट’ म्हणजे गाठ आणि नजराणाही, म्हणून दोन्ही अर्थ साधतात.

शुद्धमती: त्याआधी ‘छायाचित्र’ हा शब्दच सोडावा. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश. तेव्हा ‘प्रकाशचित्र’ हेच योग्य, सावलीचा येथे काय संबंध?

आडसांगवी: संबंध आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ १८६० च्या दशकात अमेरिकेत स्वतःची अशीच कार्डे विकत आणि ‘देहाच्या निर्वाहासाठी मी छाया विकते’ अशा आशयाचे वाक्य त्यांवर छापलेले असे. ‘प्रकाश’ घातल्यास या वाक्यातील सगळी गंमत जाईल.

टाकबोरू: त्याच लेखात ‘टिनटाइप’ही आहे, तेथे ‘कथील’ लिहावे काय?

कोपरखळी: मुळीच नको, कारण त्यात कथील नसतेच. काळ्या रोगणाच्या पातळ लोखंडी पत्र्यावर थेट प्रतिमा उमटत असे, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिक असे फोटो टपालाने घरी पाठवत. आपला ‘पत्रा’ इंग्रजी नावापेक्षा अधिक खरा आहे. शिवाय ‘पत्र’ आणि ‘पत्रा’ एकाच मुळाचे असल्याने त्या सैनिकांनी पत्रातून पत्राच पाठवला, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

शुद्धमती: व्युत्पत्ती ही कोटी करण्याची जागा नव्हे.

टाकबोरू: माझे कार्ड मात्र राहिलेच. ‘तसबीर’ चालेल काय?

कोपरखळी: तसबिरीला चौकट लागते, आल्बमच्या खाचेत सरकवलेल्या कार्डाला ती कोठून असणार? आमच्या आजीच्या लेखी तर आजोबा हयात होते तोवर त्यांचा ‘फोटो’ होता, भिंतीवर जाऊन त्याला हार चढला आणि त्याची ‘तसबीर’ झाली.

शुद्धमती: आजींचा आदर राखूनही सांगते, ‘तसबीर’ अरबीतून आलेली आहे.