उन्हाळी विज्ञान शिबिर निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न : पाचवीतील मुलीची आई, पुणे

गेल्या मे महिन्यात आम्ही मुलीला घराजवळच्या एका सहा दिवसांच्या विज्ञान शिबिराला घातले होते. ‘सहा दिवसांत तीस प्रयोग’ अशी त्याची जाहिरात होती आणि शब्दाला जागून त्यांनी तीस प्रयोग करवूनही घेतले. शेवटच्या दिवशी ती दोन पिशव्या भरून वस्तू घेऊन आली. त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घातले की फसफसणारा ज्वालामुखी होता, पुठ्ठ्याचा पेरिस्कोप होता आणि बटण दाबले की दिवा लागणारे एक घरही होते. दोन दिवसांनी त्या घरातली एक तार सुटली. तेव्हा “आता हे सरांनाच जोडता येईल” असे म्हणून तिने ते कपाटावर ठेवून दिले आणि ते अजून तिथेच आहे.

तिचे ते वाक्य मला टोचले. सहा दिवस हाताने काम करून आलेल्या मुलीला एक सुटलेली तार जोडून पाहावीशी वाटू नये, याचा अर्थ हात नेमके कोणाचे चालले, असा प्रश्न मला पडला. यंदा पुन्हा पत्रके येऊ लागली आहेत आणि बहुतेकांवर रोबोटिक्स हा शब्द ठळक आहे. पत्रक वाचून किंवा फोनवर बोलून चांगले शिबिर ओळखता येते का? आणि काहीच मनासारखे मिळाले नाही, तर आम्हा पालकांना घरच्या घरी थोडेफार काही करता येईल का?

प्रतिसाद : निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

ताई, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या जाहिरातीतच आहे. सहा दिवसांत तीस म्हणजे रोज पाच प्रयोग होतात. सत्र तीन तासांचे धरले, तर एका प्रयोगाला छत्तीस मिनिटे येतात आणि साहित्य वाटणे, आवरणे, पाणी पिऊन येणे हे सारे त्यातच बसवावे लागते. इतक्या वेळात मुलाला चुकायला सवडच नसते. मग सगळे आधीच कापून, भोके पाडून तयार ठेवलेले असते आणि मूल फक्त शेवटचा तुकडा चिकटवते.

उदाहरण म्हणून साधी मोटर घ्या. दीड व्होल्टचा एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबराने घट्ट बसवलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर ठेवलेले एक चुंबक आणि पिनांच्या भोकांत अडकवलेले तांब्याच्या तारेचे दहा वेढ्यांचे वेटोळे, एवढेच साहित्य लागते. ही तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. तिच्यावर विजेला अडवणारा एक पातळ थर असतो. तो खरवडला नाही, तर वेटोळे ढिम्म हलत नाही. मग मुले हौसेने दोन्ही टोके पूर्ण खरवडतात आणि वेटोळे नुसते मागेपुढे झुलून थांबते, कारण अर्धा फेरा झाला की बल उलट्या दिशेला लागते. एक टोक पूर्ण खरवडून दुसऱ्या टोकाची फक्त वरची बाजू खरवडली, तर उलटे बल लागण्याच्या वेळी वीज तुटते आणि वेटोळे आपल्याच वेगात तो अर्धा फेरा पार करते. हे खरवडताना वेटोळे उभे धरावे लागते. आडवे धरून खरवडले, तर सगळे बरोबर दिसूनही मोटर फिरत नाही, आणि या जागी माझी चांगली चांगली मुले अडली आहेत.

एका मुलाला हे सगळे करायला दीड तास लागतो. मी शिबिरांत मदतीला जातो, तेव्हा एका दिवसाला एवढे एकच काम ठेवतो. पहिल्या तासात एकही मोटर फिरत नसल्यामुळे दाराशी उभे असलेले पालक अस्वस्थ होतात, हेही सांगून ठेवतो. आणि हो, अडकलेले वेटोळे पिनांवर तसेच राहू देऊ नये, कारण सेल चांगलाच तापतो.

कचऱ्यातल्या वस्तूंपासून विज्ञान शिकवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ मध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला होता. पुण्यात टेल्को या मोटार कंपनीत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांच्या जोडण्या तिथल्या आठवडी बाजारातल्या सामानातून जन्मल्या. पुढे त्यांनी आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभे राहिलेले हे केंद्र आपल्याच शहरात, विद्यापीठाच्या आवारात आहे. गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतूनही खेळण्यांच्या कितीतरी चित्रफिती विनामूल्य पाहायला मिळतात.

फोनवर फक्त एवढे विचारा की, एखाद्या मुलाचा प्रयोग फसला तर आपण काय करता. “आमच्याकडे प्रयोग फसत नाहीत” असे उत्तर आले, तर नमस्कार करून फोन ठेवावा.

प्रतिसाद : दोन मुलांचा बाबा, ठाणे

सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु तयार संचांवर सरसकट फुली मारू नये असे मला वाटते. माझा धाकटा दिवसभर मोटर फिरली नाही म्हणून रडून घरी आला असता आणि दुसऱ्या दिवशी गेलाच नसता. त्याला आधी एक गोष्ट चालताना दिसावी लागते, तेव्हा कुठे तो ती उघडून बघतो. शिवाय आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे शिबिर म्हणजे सुट्टीत मुले सुरक्षित राहण्याची जागाही असते, हे उघडपणे मान्य करायला हवे. मी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे एका ताईंकडे किंवा दादांकडे किती मुले आहेत. चाळीस मुलांमागे एक शिक्षक असेल, तर कितीही चांगला हेतू असला तरी शेवटी तो सगळ्यांची तार स्वतःच खरवडून देणार.

प्रतिसाद : निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक

संख्येचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आभार. दहा-बारा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. रडण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. शेजारच्याचीही मोटर फिरत नसेल तर मूल सहसा रडत नाही, रडते ते आपली एकट्याचीच बंद राहिली तर.

प्रतिसाद : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, सातारा जिल्हा

आमच्या गावात शिबिरे भरत नाहीत, म्हणून मी सुट्टीत शाळेच्या ओट्यावर आठ-दहा मुले गोळा करते. त्यासाठी मे महिन्यासारखा दुसरा महिना नाही, कारण याच महिन्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साताऱ्याला साधारण १० मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४ मे रोजी, मुंबईला १५ मेच्या आसपास आणि नागपूरला थेट २६ मेच्या सुमारास हा दिवस येतो. दिल्लीला तो कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. जुलैच्या अखेरीस पुण्या-मुंबईत तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे काही चालत नाही.

आम्ही काय करतो, तर ओळंब्याने सरळ केलेली एक काठी मातीच्या कुंडीत रोवतो आणि सकाळी अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करतो. आठवडाभर आधी सुरुवात केली की दुपारची सर्वांत आखूड सावली रोज थोडी थोडी कमी होताना दिसते. गेल्या वर्षी मुले बारा वाजता सावली नाहीशी होईल म्हणून टक लावून बसली आणि ती होईना. सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, शाळेचं घड्याळ पुढं हाय.” घड्याळ बरोबर होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि आपण ७४ अंशांच्या आसपास राहतो. सूर्याला एक अंश पुढे सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपली खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. हा हिशेब मी सांगितला नाही. सावली गेल्याची वेळ मुलांनी भिंतीवर लिहून ठेवली आणि दोन दिवस भूगोलाचे पुस्तक चाळून त्यांनीच तो लावला.

ताई, याला खर्च काहीच नाही आणि आपल्या सोसायटीच्या गच्चीवर हे सहज जमेल. फक्त टोप्या आणि पाणी ठेवा, मुलांना खुणा करण्यापुरतेच उन्हात येऊ द्या आणि वर सूर्याकडे बघायचे नाही हे पहिल्याच दिवशी बजावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सरांचा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला. एका ठिकाणी “आम्ही लगेच दुसरा संच देतो” असे उत्तर मिळाले आणि दुसरीकडून माहितीपत्रक पुन्हा पाठवण्यात आले. तिसरीकडच्या बाई मात्र हसल्या आणि म्हणाल्या, “पहिले दोन दिवस बहुतेकांचे फसतेच, तुम्ही चौथ्या दिवशी बघायला या.” तिथे बारा मुलांमागे एक ताई आहे आणि पाच दिवसांत पाचच कामे आहेत. नाव तिथेच घातले आहे. १३ तारखेसाठी गच्चीची किल्लीही मागून ठेवली आहे.

दरम्यान रविवारी तार आणून आम्ही मोटर करून पाहिली. आमचे वेटोळेही आधी झुललेच, आणि ते आडवे धरून खरवडण्याची चूक मी केली, मुलीने नव्हे. अखेर ते फिरले. मग तिने चुंबक उलटे ठेवून पाहिले, तर वेटोळे उलट दिशेने फिरू लागले. त्यानंतर तिने सेलही उलटा केला आणि ते पुन्हा पहिल्याच दिशेने फिरले. असे का, हे तिने मला विचारले आहे आणि मी अजून सांगितलेले नाही. कपाटावरचे ते दिव्याचे घर काल खाली उतरले आहे. त्याची तार जोडण्यासाठी नव्हे, तर त्यातला सेल काढून घेण्यासाठी.