गुडघ्यातलं हायल्युरॉनिक ॲसिड आणि आईचा मायलोमा: काही संबंध आहे का?

नौपाडाकर:
आई ६८ वर्षांची. कंबर दुखते म्हणून तपासायला गेलो आणि मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) निघाला. बोर्टेझोमिब, लेनॅलिडोमाइड आणि डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) चालू आहे. डेक्साच्या रात्री झोप नाही, पहाटे तीनला उठून भांडी लावते. पण एम-बँड (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रोटीन) उतरतोय.

प्रश्न वेगळाच आहे. निदानाच्या आधीच्या वर्षी तिने गुडघ्यात हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल टोचून घेतलं होतं. आता आतेभावाने व्हॉट्सॲपवर एक पेपर पाठवला, की हायल्युरोनानशी (म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडशीच) संबंधित प्रोटीन्स ब्लड कॅन्सर वाढवतात. आई निवृत्त शिक्षिका, तिच्यापासून काही लपवायची सोय नाही. वाचून म्हणते, "एवढे पैसे मोजून मीच रोग अंगात घेतला." ओपीडीला विचारणारच आहे. तोवर कुणी सांगेल का?

फ्लोवाली_खारघर:
आधी आईंना सांगा: नाही. गुडघ्यातल्या जेलमुळे मायलोमा होतो असा काहीही पुरावा नाही. बाकीचं सावकाश वाचा. (मी फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींवरच्या प्रोटीनवरून पेशी ओळखणाऱ्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही.)

हायल्युरोनान हे परकं रसायन नव्हेच. १९३४ साली मायर आणि पामर यांनी ते बैलाच्या डोळ्यातून वेगळं काढलं. ७० किलोच्या माणसाच्या अंगात ते सुमारे १५ ग्रॅम असतं, आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा शरीर रोज मोडतं आणि नव्याने बनवतं. गुडघ्यातली सुई म्हणजे मिलिग्रॅमांचा मामला, तोही सांध्यापुरता. भेंडी चिरताना सुटणारी तार आठवा, तसा हा साखरेचा लांबच लांब बुळबुळीत धागा.

पेपर त्या धाग्यापेक्षा तो विणणाऱ्या, तोडणाऱ्या आणि धरणाऱ्या प्रोटीन्सबद्दल आहे. विणणारी तीन: एचएएस१, २, ३. तोडणारी हायल्युरोनिडेझं. धरणारी मुख्यतः दोन, सीडी४४ आणि आरएचएएमएम. खरी भानगड इथे आहे. अस्थिमज्जेतल्या निरोगी स्टेम सेलसुद्धा सीडी४४ च्या आधाराने हा धागा धरून आपल्या जागी राहतात. कॅन्सरच्या पेशी तीच सोय वापरतात. मज्जेला चिकटलेली मायलोमाची पेशी औषधाला सहज दाद देत नाही. २०१४ च्या एका अभ्यासात लेनॅलिडोमाइडला न जुमानणाऱ्या पेशींवर सीडी४४ वाढलेलं दिसलं होतं. त्याआधी, २००५ मध्ये, कॅनडातल्या एडमंटनच्या गटाने दाखवलं की काही मायलोमा रुग्णांत एचएएस१ च्या जनुकाचा संदेश चुकीच्या जागी कापला जातो, आणि अशांचा आजार जास्त चिवट असतो. म्हणजे बिघाड पेशीच्या आतला. बाहेरून जेल भरल्याने तो होत नाही.

मग सीडी४४ ला अडवणारं औषध द्या की, असं आतेभाऊ विचारेल. देऊन झालंय. २००६ मध्ये टोरांटोत सीडी४४ विरुद्धच्या अँटिबॉडीने उंदरांतल्या एएमएलच्या (एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या) स्टेम सेल हटवल्या, सगळे खूश. पुढे माणसांत तशी अँटिबॉडी दिली तेव्हा ती सोसली, पण रोगावर फारसा परिणाम नाही. सीडी४४ च्याच व्ही६ प्रकारावर विषारी औषध जोडलेली अँटिबॉडी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये वापरली, तर एक रुग्ण त्वचा सोलवटून दगावला, कारण व्ही६ कातडीच्या पेशींवरही असतं. काम बंद. आरएचएएमएमवर जर्मनीत पेप्टाइडची लस करून पाहिली, २००८ च्या अहवालात १० रुग्ण होते, काहींना प्रतिसाद मिळाला. लस अजून ओपीडीत आलेली नाही. 'अमुक प्रोटीन कॅन्सर वाढवतं' एवढं वाचून घरात भूकंप करू नये, ते यासाठी.

आणि आईंच्या फ्लो रिपोर्टमध्ये सीडी४४ शोधत बसू नका. मायलोमासाठी आम्ही मुख्यतः पेशींवरची सीडी१३८, ३८, ५६, १९, ४५ ही प्रोटीन्स बघतो.

कोपरीचा_बाबू:
वरच्या ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त गुडघ्याचं बोलतो. वडिलांना हाच आजार. गुडघा दुखला की घरातली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी देऊ नका! मायलोमात किडनी आधीच नाजूक असते. शेजारच्या केमिस्टलाही सांगून ठेवा, मागितली तरी देऊ नको म्हणून. आणि आता परत सांध्यात सुई घ्यायची झाली तर रक्ताच्या डॉक्टरांना विचारूनच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन नको.

नौपाडाकर:
दोघांचे आभार. आईला वाचून दाखवलं. "मिलिग्रॅमांचा मामला" ऐकून तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि चहा मागितला. डायक्लोफेनॅकची पट्टी फ्रिजवर होती, टाकली.

आता तिचाच उपप्रश्न. अमेरिकेतल्या तिच्या मैत्रिणीला मायलोमासाठीच जे डाराटुमुमॅब हे अँटिबॉडी औषध देतात, त्याच्या लेबलवर हायल्युरोनिडेझ लिहिलंय. हे तोडणारं प्रोटीन ना? मग ते कॅन्सरचा आधार तोडायला घालतात का?

फ्लोवाली_खारघर:
बाई हुशार आहेत. पण नाही, तिथे त्याचं काम निराळं आहे. शिरेतून डाराटुमुमॅबचा पहिला डोस चढायला सात तासांच्या आसपास लागतात. कातडीखाली द्यायचं तर १५ मिली द्रव मावणार कुठे? म्हणून सोबत ३०,००० युनिट हायल्युरोनिडेझ. ते पोटाच्या कातडीखालचं हायल्युरोनान तेवढ्यापुरतं विरघळवतं, औषध पसरतं, आणि तीन ते पाच मिनिटांत इंजेक्शन आटोपतं. एक-दोन दिवसांत शरीर तिथला धागा पुन्हा विणतं. अमेरिकेत २०२० मध्ये याला मंजुरी मिळाली. मायलोमाच्या पेशींवर हल्ला करतं ते डाराटुमुमॅब, त्यांच्यावरचं सीडी३८ धरून.

ट्यूमरभोवतीचं हायल्युरोनान तोडायचा खरा प्रयत्न स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये झाला होता, शिरेतून हायल्युरोनिडेझ देऊन. २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी फसली, रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

डेक्सा सकाळी नाश्त्यानंतर देताय ना? संध्याकाळी देत असाल तर डॉक्टरांना वेळ बदलण्याबद्दल विचारा, भांडी तरी सकाळपर्यंत थांबतील.