स्ट्रॅटसाठी जुन्या वळणाचा आवाज देणारे पिकअप : नेमके काय पाहून निवडावेत?

सहा_तारा (पुणे)

नमस्कार. माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) धर्तीची, चिनी बनावटीची एक इलेक्ट्रिक गिटार आहे. तिची मान हाताला इतकी बसली आहे की गिटार बदलण्याचा विचारही मनात येत नाही. प्रश्न फक्त पिकअपचा, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या चुंबक-कॉइलच्या भागाचा आहे. मूळ पिकअप सिरॅमिक चुंबकांचे आहेत. स्वच्छ आवाजात वाजवताना, विशेषतः ब्रिजजवळच्या (तारा जिथे गिटारच्या अंगाला टेकतात तिथल्या) पिकअपवर, पहिल्या दोन तारा कानाला टोचतात आणि जाड तारांचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. मला हवा आहे तो १९५० च्या दशकाची अखेर ते १९६० च्या दशकाचा पूर्वार्ध या काळातल्या स्ट्रॅटचा आवाज : ‘द शॅडोज’चे गिटारवादक हँक मार्विन यांच्या वादनात ऐकू येतो तसा, धारदार पण न बोचणारा, आणि छेडण्याच्या जोरानुसार बदलणारा.

वाजवणे मुख्यतः घरीच, तीन मीटरच्या केबलने थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये होते. पिकअपच्या जाहिराती वाचाव्यात तर प्रत्येक संच स्वतःला ‘व्हिंटेज’ म्हणवतो आणि पुढे ५.८, ६.२, ७.१ किलोओहम असे आकडे देतो. आकडा जितका कमी तितका आवाज जुना, असे समजावे का? अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातूचा चुंबक) २, ३ आणि ५ यांपैकी कोणता घ्यावा? तिन्ही पिकअप बदलावेत, की केवळ ब्रिजचा बदलून भागेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

झाळकाम (नागपूर)

किलोओहमच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक खरेदी त्याच आकड्यावर होते आणि त्यातून कळते फार थोडे. तो आकडा म्हणजे कॉइलच्या तारेचा डीसी रोध. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंश सेल्सिअसला ६.० किलोओहम भरणारा पिकअप आमच्याकडे मे महिन्यात, ४५ अंशांत मोजला, तर जवळपास ६.६ भरेल. तेवढ्याने तो ‘हॉट’ (जास्त जोराचा) पिकअप झाला असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ४२ गेजऐवजी ४३ गेजची, म्हणजे त्याहून बारीक, तार वापरली, तर वेढे तेवढेच राहूनही रोध पाव पटीने वाढतो. त्यामुळे तारेचा गेज आणि वेढे सारखे असल्याची खात्री असेल तेव्हाच दोन आकड्यांची तुलना करावी.

त्याऐवजी इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध) विचारावा. तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि पिकअपचा नैसर्गिक उठाव (जिथे तो सर्वांत जोरात बोलतो ती जागा) कोणत्या कंपनसंख्येवर येणार हे इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून ठरवतात. जुन्या स्ट्रॅट पिकअपमध्ये ४२ गेजच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे असत आणि इंडक्टन्स साधारण २.२ ते २.५ हेन्रीच्या घरात येई. विक्रेता हा आकडा देत असेल, तर त्याने माल मोजून पाहिला आहे असे मी धरून चालतो.

आता तुमच्या टोचण्याबद्दल. केबलचा कपॅसिटन्स मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरला आणि कॉइलचा स्वतःचा १०० मिळवला, तर तीन मीटर केबलवर २.४ हेन्रीच्या पिकअपचा उठाव सुमारे ५,१०० हर्ट्‌झवर येतो. तोच पिकअप सहा मीटरच्या केबलवर ३,९०० हर्ट्‌झच्या आसपास उतरतो. जुन्या काळी वादक लांब किंवा गुंडाळीच्या केबल वापरत. त्या भाराखाली दबलेला आवाज आपण ध्वनिमुद्रणांत ऐकतो आणि नंतर तो नुसत्या पिकअपमध्ये शोधत बसतो. म्हणून खरेदीआधी एक प्रयोग करावा : गिटारच्या जॅकच्या दोन टोकांमध्ये ३३० ते ४७० पिकोफॅरडचा साधा कपॅसिटर जोडून पाहावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात तो किरकोळ पैशांत मिळतो.

सिरॅमिक चुंबकाला मात्र उगाच दोष दिला जातो. स्वस्त पिकअपमध्ये कॉइलच्या आत पोलादी सळ्या असतात आणि तळाशी सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. जुन्या रचनेत सळ्या स्वतःच अल्निकोच्या चुंबकांच्या असतात. पोलादामुळे इंडक्टन्स वाढतो आणि सळ्यांत फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे उठाव बोथट होतो. जाड तारांचा गढूळपणा बव्हंशी तिथून येतो, आणि तो कपॅसिटर लावून जाणार नाही. तेवढ्यापुरते तरी पिकअप बदलणे रास्त आहे.

खर्ज (ठाणे)

झाळकाम यांच्याशी मी सहमत आहे. निवडीच्या बाजूने थोडी भर घालतो.

‘जुनी स्ट्रॅट’ म्हणजे एकच आवाज नव्हे. १९५४ साली ही गिटार बाजारात आली, आणि साधारण १९६४ पर्यंत तिच्या पिकअपवर फॉर्मव्हार लेपाची तार असे. त्यानंतर साध्या इनॅमलची तार आली. तुम्ही सांगितलेला काळ फॉर्मव्हारचा आहे आणि त्यातले चुंबक अल्निको ५ चे. त्यामुळे अल्निको २ चा पर्याय तुमच्यापुरता बाद समजावा. तो वाईट नाही, पण त्याचा आवाज मऊ आणि खालच्या अंगाने भरलेला असतो. मार्विन यांच्या आवाजातली सुरुवातीची टणक धार त्यातून निघत नाही. अल्निको ३ चे नाव मुख्यतः फेंडरच्याच सुरुवातीच्या टेलिकास्टर गिटारबरोबर घेतले जाते.

या वर्णनात बसणारे संच म्हणजे फेंडरचा ‘प्युअर व्हिंटेज ५९’ आणि सेमूर डंकनचा एसएसएल-१. कमी खर्चात टोनरायडरचा ‘प्युअर व्हिंटेज’ पाहता येईल. फेंडरचाच ‘टेक्सस स्पेशल’ मात्र नाव ऐकून घेऊ नये. त्यात वेढे जास्त आहेत, तो ब्लूजच्या भरदार आवाजासाठी आहे आणि स्वच्छ वादनात तुम्हाला तो जडच वाटेल.

आता ज्याकडे दुर्लक्ष होते ती गोष्ट : चुंबकांची उंची. जुन्या पिकअपमध्ये सहा चुंबक कमी-अधिक उंचीचे असतात आणि तिसऱ्या तारेखालचा चुंबक चांगलाच वर आलेला असतो, कारण त्या काळी तिसरी (G) तार वरून बारीक तार गुंडाळलेली असे आणि तिचा आवाज तुलनेने कमी पडे. आज आपण तिसरी तार साधी, न गुंडाळलेली लावतो. ती त्या उंच चुंबकावर इतर तारांपेक्षा ओरडते आणि शेजारची दुसरी (B) तार दबते. ऐतिहासिक अचूकतेचा हट्ट असेल तर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा जाड संच लावावा, नसेल तर सपाट चुंबकांचा पिकअप घ्यावा. (उजव्या हाताची गिटार उलटी धरणाऱ्या जिमी हेंड्रिक्सच्या बाबतीत तर ही उंची पार उलटीपालटी झाली होती, आणि त्याचे काही अडले नाही, हेही खरे.) वर आलेला चुंबक अंगठ्याने दाबून खाली बसवण्याचा मोह मात्र टाळावा. या रचनेत केसापेक्षा बारीक तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते. चुंबक सरकला की आतला एखादा वेढा तुटतो आणि पिकअप मुका होतो.

तिन्ही बदलावेत, असेच माझे मत आहे. एकच बदलल्यास चुंबकाची दिशा आणि कॉइलचा फेर (गुंडाळण्याची दिशा) जुन्या दोघांशी जुळेलच असे नाही, आणि न जुळल्यास दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होतो.

पावसाळी (मडगाव)

वरच्या दोन्ही प्रतिसादांत गुणगुणीचा (विजेच्या उपकरणांमुळे पिकअपमधून येणाऱ्या सततच्या आवाजाचा) उल्लेख नाही, म्हणून लिहितो. अस्सल जुन्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट्या फेराचा नसे. तिन्ही एकसारखे असत. पिकअप निवडण्याचा पाच जागांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला. त्याआधी लोक तीन जागांचाच स्विच अधेमध्ये अडकवून ते जोड-आवाज काढत. आजच्या बहुतेक संचांत मधला पिकअप उलट फेराचा आणि उलट ध्रुवाचा मिळतो आणि त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या व चौथ्या जागेवर गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. काही ‘अस्सल’ संचांत तो मुद्दाम दिलेला नसतो, तेव्हा मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आपल्याकडच्या घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे आणि दोन पिनांच्या प्लगवर चालणारा लॅपटॉप चार्जर, ही सगळी मंडळी सिंगल कॉइलमधून (एकाच कॉइलच्या अशा पिकअपमधून) बोलतात. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून ऐकावे. फरक तिथल्या तिथे कळतो. रात्री हेडफोन लावून ध्वनिमुद्रण करणाऱ्याने एकावर एक कॉइल असलेल्या, गुणगुण न करणाऱ्या पिकअपचा विचार करायला माझी हरकत नाही, जरी त्यात वरची हवा थोडी कमी होते. खर्ज यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

खर्ज (ठाणे)

पटत नाही हे खरेच, पण कारण तत्त्वाचे नाही. प्रश्नकर्त्याला छेडण्याच्या जोराला प्रतिसाद देणारा आवाज हवा आहे, आणि दुहेरी कॉइलच्या पिकअपमध्ये नेमका तोच गुण आधी जातो. मधल्या उलट फेराच्या पिकअपबद्दल मात्र आपले बरोबर आहे, तो घ्यावाच. एकेकटा वाजताना कानाला फरक कळत नाही.

सहा_तारा (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडून पाहिला. पहिल्या दोन तारांचे टोचणे बरेच उतरले. जाड तारांचा गढूळपणा मात्र आहे तसाच आहे. गिटार उघडलीच होती म्हणून पॉटही (आवाज आणि टोनची बटणे फिरवतात ते बदलते रोधक) पाहिले. तिन्हींवर ‘बी५००के’ असा शिक्का आहे. ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचे अंतर ५२.५ मिलिमीटर भरते. आता पिकअप मागवण्यापूर्वी आणखी काही तपासावे का?

झाळकाम (नागपूर)

पॉट पाहिलेत हे उत्तम केलेत. जुन्या स्ट्रॅटमध्ये २५० किलोओहमचे पॉट असत. ५०० चे लावले की पिकअपवरचा भार कमी होतो आणि उठाव अधिक टोकदार होतो. टोचण्याचे उरलेले कारण तेच असावे. ‘बी’ म्हणजे सरळ चढणीचा पॉट. त्यावर बहुतेक बदल फिरवण्याच्या एका टोकाला गोळा होतो, म्हणून ‘ए२५०के’ (‘ए’ म्हणजे कानाला एकसारखी वाटणारी चढण) असे तीन पॉट घ्यावेत. पॉटच्या रोधात २० टक्क्यांपर्यंत फरक सर्रास असतो. दुकानात मल्टिमीटर नेऊन २५० च्या जवळचे निवडून घेता आले तर छान. स्वस्त गिटारमध्ये पॉटसाठी पाडलेले भोक अनेकदा लहान असते, तेव्हा मोठ्या आकाराचा पॉट बसेल का तेही मोजून पाहावे.

तारांचे अंतर ५२.५ असेल तर अडचण नाही, कारण जुन्या धर्तीच्या पिकअपमधले टोकाच्या चुंबकांचे अंतरही ५२ च्या आसपास असते. फक्त तुमची जुनी प्लॅस्टिकची कव्हरे नव्या पिकअपवर बसतील असे गृहीत धरू नका. संचाबरोबर कव्हरे मागवावीत. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून किंमत काढावी, नाहीतर स्वस्त दिसणारा संच इथल्या दुकानातल्या संचापेक्षा महाग पडतो.

पिकअप बसवताना दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे ब्रिजच्या पिकअपला टोन कंट्रोल देणे. जुन्या जोडणीत तो नसे आणि ब्रिजचा पिकअप कायम पूर्ण उघडा राही. मधल्या पिकअपचा टोन स्विचवर जिथे जोडला आहे तिथून ब्रिजच्या जागेपर्यंत तारेचा एक छोटा तुकडा सोल्डर केला की काम होते, आणि टोन थोडा मागे घेतला की आवाज लगेच माणसात येतो. दुसरी गोष्ट उंचीची. सिरॅमिकचे पिकअप तारांच्या अगदी जवळ ठेवायची सवय अल्निको ५ ला चालत नाही. चुंबकच तारा खेचू लागतात आणि सहाव्या तारेवर, बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे, एकाच स्वरात दोन स्वर डुलत असल्यासारखे ऐकू येते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सहाव्या तारेखाली २.४ आणि पहिल्या तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. जाड तारांकडची बाजू आणखी खाली घ्यावीशी वाटली तर बेलाशक घ्या. मानेजवळच्या पिकअपवर चुंबकांची ओढ सर्वांत जास्त जाणवते, म्हणून स्क्रू आधी तिथलाच सैल करावा.