मदत हवी आहे: सिकलसेलच्या पाठपुराव्यासाठी स्थानिक निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी, आमची छोटीशी संस्था आहे जिवती तालुक्यात (जि. चंद्रपूर). धर्मादायची नोंदणी, करसवलतीचं १२ए, ८०जी, नीती आयोगाच्या दर्पणचा नंबर, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामाचा) निधी घ्यायला लागणारं सीएसआर-१ सगळं आहे, ऑडिटही वेळेवर होतं, हे आधीच सांगून टाकते नाहीतर पहिले रिप्लाय त्याचेच येतात 🙂

काम सिकलसेलचं, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि अंग फार दुखतं. २०२३ च्या जुलैत केंद्राचं मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासण्या बऱ्या होऊन राहिल्या, सोल्युबिलिटी (रक्ताची पहिली झटपट चाचणी) होते, पॉझिटिव्ह आलं की पक्क्या रिपोर्टसाठी नमुना पुढे जातो, कार्डही मिळतं. अडतं त्याच्यानंतर. एसएस असलेल्या, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही हा दोष आलेल्या पोराला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू केलं की ते रोज घ्यायचं आणि मधून मधून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून पेशी फार उतरल्या नाहीत ना ते बघायचं. पण दोन महिने अंग दुखलं नाही की घरचे म्हणतात आता बरा आहे. परवा एका कोलामगुड्यावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) कॅप्सूलची पट्टी कुडात खोचलेली दिसली, चारच कमी, बाकी तशाच्या तशा. एसटीत या पेशंटना सवलत आहे, पण गाडी तर आली पाहिजे ना बाप्पा.

आम्हाला हवं काय तर गावातल्याच दोन मुलींचं मानधन, गाडीचं पेट्रोल आणि थोडा तपासणीचा खर्च, वर्षाचे साधारण साडेतीन लाख. एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांकडे गेलो तर म्हणे शिबिर घ्या, हजार लोक तपासा, मंडप-बॅनरचा खर्च आम्ही देतो, पण मानधनाला ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, कायदाच तसा आहे. हे खरं आहे का? आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान (खाणबाधित भागासाठीचा निधी) किंवा पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) ५ टक्के निधीतून असं काम करता येतं का, कुणी केलंय का?

हिशेबनीस: ताई, ते साहेब दोन गोष्टींची खिचडी करून राहिले. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, म्हणजे त्यांचा सीएसआर विभाग चालवायचा खर्च, आणि तीही त्यांच्या वर्षभराच्या एकूण सीएसआर खर्चावर. प्रकल्प राबवायला, देखरेखीला थेट लागणारा खर्च त्यात धरतच नाहीत. कंपनी मंत्रालयाचा ऑगस्ट २०२१ चा एफएक्यू (प्रश्नोत्तरांचं परिपत्रक) आहे, प्रिंट काढून सोबत न्या. आणि बजेटमध्ये 'पगार' किंवा 'ऑफिस स्टाफ' लिहू नका, 'रुग्ण पाठपुरावा: गृहभेटी' असा हेड करून मुलींचं मानधन त्यातच दाखवा. कंपनीला द्यायचंच नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग कायद्याचं नाव तरी घेणार नाहीत.

गावगाडा: खनिज निधीत आरोग्य उच्च प्राधान्यात येतं, पण संस्थेने थेट अर्ज टाकून चेक यायची वाट बघू नका, आमच्याकडे प्रस्ताव डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) साहेबांमार्फतच कलेक्टर ऑफिसला गेला. त्याआधी तुमची गावं खाणबाधितांच्या यादीत आहेत का तेवढं बघून घ्या. पेसाचं सोपं आहे आणि अवघडही. पैसा ग्रामसभा कोषात येतो, आरोग्याचा हेड आहे, ठराव ग्रामसभेचा लागतो. पण रस्ता, नाली, समाजभवन यापुढे कुणाला काही दिसत नाही, म्हणून ग्रामसभेच्या आधी बायकांशी बोलून घ्या, पेशंटच्या आया उठून बोलल्या की ठराव होतो. आणि पैसे संस्थेच्या खात्यात मागू नका, ग्रामसभेनेच मुलींना मानधन द्यावं, तुम्ही फक्त ट्रेनिंग द्या. संस्थेचं नाव काढलं की लोकांना शंका येते, आणि मागचे अनुभव बघता चूक काहीच नाही त्यांची.

नवखा: क्राउडफंडिंग करा ना, सोपं पडेल

धागाकर्ती: @नवखा एकदा मोठ्या ऑपरेशनला मिळतात हो तसे, दर महिन्याच्या पेट्रोलला कोण देणार? @हिशेबनीस एफएक्यू सापडला, सोमवारी परत जाऊन राहिलो. @गावगाडा संस्थेच्या खात्याचं पटलं. आमच्या तीन गुड्यांची ग्रामपंचायत एकच आहे, तर ठराव गुड्यागुड्याच्या ग्रामसभेत वेगळा घ्यायचा की एकत्र चालतो? आणि तुमच्याकडच्या ठरावाचा नमुना असेल तर फोटो टाका प्लीज, नावं झाकून.