मदत हवी आहे: मांजराच्या डीएनएतच ल्युकेमियाचा विषाणू असतो, तर टेस्ट खरी कशी मानायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी एक मोठा बोका आहे. आता एक अनाथ पिल्लू आणलंय आणि त्याची फेलाइन ल्युकेमियाची (मांजरांचा विषाणूजन्य आजार) किट टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघांच्या खोल्या, भांडी, लिटर ट्रे सगळं वेगळं केलंय. महिन्याभराने परत रक्त घेऊन पीसीआरला (विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) पाठवायचं आहे.

मधल्या काळात जे वाचलं त्याने डोकं भणाणलंय. प्रत्येक पाळीव मांजराच्या डीएनएत या विषाणूच्या भाऊबंदाचे तुकडे असतात म्हणे. फार पूर्वी तो मांजरांच्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरला, बहुधा उंदरांच्या कुळातून, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलाय. लिंक्स आणि प्यूमा या जंगली भाऊबंदांत मात्र हे तुकडे नाहीत. मग पीसीआरमध्ये सापडलेला डीएनए बाहेरून लागलेल्या विषाणूचा की जन्मापासूनचा, हे लॅबला कळतं कसं? आणि आमच्या बोक्यातले तुकडे आपणहून जागे झाले तर?

दुसरी काळजी लसीची. आरडी-११४ नावाचा आणखी एक असाच विषाणू मांजराच्या जनुकांत आहे. त्याचं आवरण बबून माकडाच्या विषाणूशी जुळतं. २०१० मध्ये जपानी संशोधकांना तो कुत्र्यामांजरांच्या काही लसींत जिवंत सापडला, कारण मांजराच्या पेशी लस बनवताना वापरतात. हे वाचल्यापासून लस द्यायचा धीर होत नाहीये. पिल्लाला मी सोडणार नाही, पण बोक्याला काही झालेलं सहन होणार नाही. कुणी जाणकार सांगेल का?

प्रतिसाद (पशुवैद्यक)

ताई, किट टेस्ट डीएनए बघतच नाही. ती रक्तात फिरणारं विषाणूचं पी२७ हे प्रथिन शोधते, त्यामुळे जन्मजात तुकड्यांनी ती पॉझिटिव्ह येत नाही. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांनीही नाही, म्हणून पिल्लांतही चालते. पीसीआर विषाणूच्या यू३ नावाच्या भागावर बेततात. तो बाहेरच्या विषाणूत वेगळा, जन्मजात तुकड्यांत वेगळा. तरी पुन्हा तपासणी कराच. काही मांजरं विषाणूला रक्तातून हटवतात. मग किट निगेटिव्ह येते, पीसीआरमध्ये मात्र त्याचा डीएनए दिसत राहतो.

हे तुकडे एकट्याने संसर्ग करणारा विषाणू बनवत नाहीत. खरा धोका बाहेरून येणाऱ्या, या विषाणूच्या ए उपगटाचा. तो शरीरात वाढताना जन्मजात तुकड्यांतला आवरणाचा भाग उचलतो आणि त्यातून बी उपगट तयार होतो. म्हणजे बोक्याला जपायचं तर ए शिरू द्यायचा नाही. तो लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटण्यातून, सामायिक भांड्यांतून. खोल्या वेगळ्या केल्यात ते उत्तम. आधी बोक्याची टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर ल्युकेमियाच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

आरडी-११४ने मांजरांना रोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. लसीने टळणाऱ्या पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराने दगावलेली पिल्लं मात्र मी पाहिली आहेत. लस चुकवू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार, डॉक्टर. उद्याच बोक्याचं रक्त देते. एकच राहिलं: वेगळं करण्याआधी त्याने पिल्लाच्या भांड्यातलं पाणी प्यायलं होतं. आत्ता निगेटिव्ह आलं तर तेवढ्यावर थांबायचं का?

प्रतिसाद (पशुवैद्यक)

नाही. शेवटच्या संपर्कानंतर किमान ३० दिवसांनी पुन्हा एकदा. तोवर पिल्लाला हाताळून झालं की हात साबणाने धुवा. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही. माणसांना तो होत नाही, तेव्हा पिल्लाला जवळ घ्यायला घाबरू नका.