जीआय बिल लॉ स्कूलवर उधळायचं?

माजी_नौसैनिक: परवा 'हिशेबी' यांनी लिहिलं की जीआय बिल (माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी अमेरिकी योजना) लॉ स्कूलवर उडवणारा मूर्ख, ते पोरांसाठी ठेवावं. डोकं सणकलं, म्हणून हे पुराण. ३६ महिने मिळतात, लॉच्या तीन वर्षांत जेमतेम २७ जातात. सरकारी विद्यापीठात त्या राज्यातल्या रहिवाशांच्या दराची सगळी फी व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) भरतं, वर ई-५ या लष्करी वेतनश्रेणीच्या दराने घरभाडं. बरोबरची मुलं लाखभर डॉलरचं कर्ज घेऊन बाहेर पडली, माझ्यावर छदामही नाही. उधळपट्टी कोणाची?

हिशेबी: तुम्हाला सरकारी मिळालं, अभिनंदन. खाजगीत व्हीए वर्षाला साधारण तीस हजार डॉलरवरच हात आखडतं आणि नामांकित ठिकाणी फी सत्तरच्या पुढे. बाकीचे काय सत्यनारायणाच्या ताटातून?

माजी_नौसैनिक: यलो रिबन योजना! उरलेल्या फीतलं कॉलेज जेवढं सोडेल तेवढंच व्हीए घालतं.

फॉल_सेमिस्टर: त्याला जीआय बिलाची पूर्ण, १०० टक्के पात्रता लागते, आणि कित्येक कॉलेजं जागा मोजून ठेवतात. शिवाय उन्हाळ्यात वर्ग नसले की घरभाडं बंद. पहिल्या वर्षानंतर सरकारी वकिलाकडे फुकट राबलो, भाडं बायकोच्या पगारातून गेलं. हे आधी कुणी सांगत नाही.

न्यूजर्सीची_काकू: पोरांचा विषय निघालाच आहे तर ऐका. जावई आठ वर्षं लष्करात होता. बाहेर पडल्यावर कळलं, बिल नातीच्या नावावर करायचं तर वर्दीत असतानाच अर्ज हवा होता. आता हा म्हणतो, मीच लॉ करतो. चाळिशीत!

माजी_नौसैनिक: काकू, सहा वर्षं झाली की अर्ज, वर आणखी चार वर्षांची हमी. नियम आहे.

न्यूजर्सीची_काकू: नियम पाठ आहेत मला. आणखी चार वर्षं द्यायची तर संसार कोणी ओढायचा? मुलीने दोन बदल्या एकटीने निभावल्यात, तान्हं पोर काखेत घेऊन.

हिशेबी: मीही तेच म्हणत होतो. वर्दीत असतानाच पोरांच्या नावावर करा.

फॉल_सेमिस्टर: ज्याने सेवा केली त्याचं बिल. घरबसल्या हिशेब मांडणाऱ्यांनी आधी भरती होऊन बघावं.

हिशेबी: माझा सख्खा भाऊ अफगाणिस्तानात होता. तोंड सांभाळा.

फॉल_सेमिस्टर: भावाला सलाम. तुमचं गणित तरीही चूक.

ओहायोवाला: भांडा खुशाल. सेवा दोनदा वेगवेगळी झाली असेल तर मात्र २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा रुडिसिल निकाल वाचा. माँटगोमेरी (जुनं जीआय बिल) आणि नवं बिल मिळून ४८ महिने होऊ शकतात. आणि कॉलेजची शिष्यवृत्ती खास फीसाठी असेल तर व्हीए ती वजा करून उरलेलंच भरतं. ती राहण्याखाण्यासाठी म्हणून मिळते का, सही करण्याआधी विचारा.

हिशेबी: ४८? बरं, 'मूर्ख' मागे घेतो. 'हौशी' चालेल?

न्यूजर्सीची_काकू: आमची सेवा एकच, सलग. म्हणजे आम्हाला भोपळाच?

ओहायोवाला: जावयाला व्हीएचं अपंगत्वाचं रेटिंग आहे का? असेल तर व्होकेशनल रिहॅबमधून (अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना नोकरीसाठी तयार करणारी व्हीएची योजना) लॉ बसतं का बघा, काहींना मंजूर झालंय.

न्यूजर्सीची_काकू: गुडघ्याचं आहे. पण लॉ नकोच म्हणतेय ना मी!