एमएमएसला नंबर लागलाय: बदलापूरहून ये-जा करू की दादरला कॉट बेसिसवर राहू?

उल्हासकाठची
नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी बदलापूरची. मेकॅनिकल करून दोन वर्षं ऐरोलीला आयटीत टेस्टिंग केलं. यंदा सीईटी बरी गेली आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, दुसऱ्या फेरीत एमएमएसला (मुंबई विद्यापीठाचं एमबीएच म्हणा) नंबर लागला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण दादर स्टेशनवरून चालत जाता येतं.

मोठा प्रश्न राहण्याचा आहे. घरून दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास, गाडी वेळेवर असेल तर. कॉलेजजवळ एका मावशींकडे कॉट मिळतेय, महिना १२ हजार, जेवण वेगळं. बाबा म्हणतात, ऐरोलीला जात होतीसच की रोज, कॉलेजला काय वेगळं आहे? फी कर्जातूनच भरणार आहोत, त्यामुळे त्यांचंही चूक नाही.

शिवाय दोन भीत्या आहेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी लिहिते बरं, पण वर्गात हात वर करून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. आणि अकाउंट्स. डेबिट म्हणजे पैसे गेले आणि क्रेडिट म्हणजे आले, एवढंच बँकेच्या मेसेजवरून माहीत आहे.

अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

वेळकाढू
अभिनंदन! प्रवेश पक्का करण्याआधी प्लेसमेंट रिपोर्ट नीट बघितलास ना? सरासरी पॅकेज बघू नकोस, मीडियन बघ, म्हणजे रांगेत बरोबर मधल्या मुलाचं पॅकेज. एखाद्याला दुबईची ऑफर लागली की अख्ख्या वर्गाची सरासरी वर जाते, बाकीच्यांच्या खात्यात काही येत नाही. आणि किती जणांचा आकडा धरलाय तेही बघ. 'प्लेसमेंटला पात्र' या दोन शब्दांत बरीच मुलं गळतात.

चौथी_सीट
उल्हासकाठची, मी अंबरनाथची. पहिलं सेमिस्टर ये-जा केली, दुसऱ्यापासून माटुंग्याला राहिले. त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते.

ऑफिसशी तुलना करू नकोस. ऑफिस सहाला सुटतं. इथे वर्ग साडेचारला सुटतो आणि खरं काम सातला सुरू होतं. प्रत्येक विषयाचा गट वेगळा, म्हणजे पाच विषयांत पाच गट, आणि पाचही गटांना भेटायला एकच वेळ असते: रात्रीची. आधी अर्धा तास चहा, मग कोण आलं नाही यावर चर्चा, मग केस (कंपनीचा अभ्यासाला दिलेला प्रसंग) उघडते. नेमकं काहीतरी सुचायला लागलं की मी घड्याळ बघायचे. कल्याणच्या पुढे गाड्या किती कमी होतात ते तुला सांगायला नको. ९.४० ला मी दप्तर उचलायचे आणि बाकीचे म्हणायचे, "तू जा गं, आम्ही करतो."

ते करायचेही. मुलं चांगली होती. पण सकाळी प्रेझेंटेशन बघितलं की त्यात मला न कळलेल्या तीन गोष्टी असायच्या, आणि माझ्या वाट्याला फाँट सारखे करणं आणि शेवटची 'थँक यू'ची स्लाइड. पूर्ण सेमिस्टर मी थँक यू म्हणत होते. मार्क सगळ्यांना सारखेच मिळाले, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जानेवारीत राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात एका बिस्किटाच्या केसवरून रात्री साडेअकराला भांडण झालं: किंमत पाच रुपयेच ठेवून वजन कमी करायचं, की किंमत वाढवायची? मी म्हटलं, आमच्या चाळीखालचा दुकानदार सहा रुपयांना काही विकतच नाही, सुटे पैसे कुठून आणणार तो? सगळे गप्प. प्राइसिंगचं जेवढं मला आज येतं ते त्या रात्रीचं आहे.

आणखी एक. समर्सच्या, म्हणजे पहिल्या वर्षानंतरच्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपच्या, मुलाखती बहुतेक ठिकाणी दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतात. तोपर्यंत तुला धड दोन-तीन महिने मिळतील. सीव्ही तपासून देणारे सीनियर रात्री जेवणानंतरच मोकळे असतात. राहायचंच असेल तर सुरुवातीला राहा. नंतर परवडलं नाही तर घरी जा. मी नेमकं उलटं केलं.

खर्डेघाशा
वरच्या ताईंचं पटतंय, पण सगळं नाही. मी नोकरी सांभाळून तीन वर्षांचा संध्याकाळचा कोर्स केला, आसनगावहून. आमच्या गटात सगळेच घाईतले, त्यामुळे कामं आधीच वाटून घ्यायचो. भेट दर शनिवारी दुपारी दोन तास, ज्याचं काम झालं नसेल त्याने वडापाव द्यायचा. गट सगळा रात्रीचा असला तर तूच पहिल्या दिवशी सांग ना, की बाबांनो आपण साडेचार ते साडेसात बसू. कुणीतरी सांगायची वाट बघत असतात सगळे.

पैशाचं मात्र नीट बघ. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत. हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉपचा खर्चही त्यात धरता येतो, पण तो अर्ज करतानाच लिहावा लागतो, मागाहून वाढवून घेताना दमछाक होते. हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. जमलं तर शिकतानाच व्याज भरत राहा. पुढे नोकरी लागली की प्राप्तिकरात आठ वर्षं या व्याजाची वजावट मिळते, फक्त जुन्या कररचनेत. बाबांना हा हिशोब कागदावर मांडून दाखव. १२ हजार ऐकायला मोठे वाटतात.

मावळचा_भाचा
इंग्रजीबद्दल लिहितो. मीही जिल्हा परिषद शाळेतला. पहिले दोन महिने वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा.

मग ऑपरेशन्सच्या तासाला डबेवाल्यांची केस आली, हार्वर्ड बिझनेस स्कूलची, २०१० ची. वर्ग सिक्स सिग्मावर (चुका जवळपास शून्यावर आणायची पद्धत) तुटून पडला. कुणी म्हणे यांना अॅप द्या, कुणी म्हणे जीपीएस लावा. माझे मामा डबेवाले. मला राहवेना. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, की गाडी स्टेशनात अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात अख्खी पाटी चढवायची असते, मोबाईल बघायला हात मोकळा कुठाय? झाकणावरच्या खुणेत कुठल्या स्टेशनाला उतरवायचं, कुठली इमारत, कितवा मजला एवढं सगळं असतं, आणि ती खूण नीट लिहिता न येणाऱ्यालाही वाचता येते. एक माणूस आजारी पडला तर त्याचे डबे गटातले बाकीचे उचलतात, कारण कमाई गटात वाटून घेतात. हे शेवटचं वाक्य मी अडकून मराठीतच बोललो. सरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं.

व्याकरण चुकलं होतं, भरपूर. कुणी हसलं नाही असंही नाही. पण त्यानंतर गटात घ्यायला लोक मला विचारायला लागले. तुझ्याकडे ऐरोलीची दोन वर्षं आहेत, ती वर्गातल्या फ्रेशर मुलांकडे नाहीत. तिथून सुरुवात कर. आणि पहिल्या आठवड्यातच बोल. महिना गेला की गप्प बसायची सवय लागते, स्वतःला आणि सरांनाही.

सीए_इंटर_दोनदा
अकाउंट्ससाठी जाडजूड इंग्रजी पुस्तक आत्ताच विकत घेऊ नकोस. बालभारतीचं अकरावी कॉमर्सचं पुस्तपालनाचं पुस्तक आण, मराठीतलं. पीडीएफ फुकट मिळते. जर्नल (रोजच्या नोंदी), खतावणी (त्याच नोंदी खात्यांप्रमाणे), तेरीज (डेबिट-क्रेडिटच्या बेरजा जुळतात का ते बघायचा तक्ता), ताळेबंद, या क्रमाने हाताने सोडव, वहीत. एक्सेल नंतर.

बँकेच्या मेसेजमुळे सगळ्या इंजिनियरांचा घोटाळा होतो. तुझ्या खात्यात पैसे जमा झाले की बँक 'क्रेडिट' म्हणते, कारण ते पैसे बँक तुला देणं लागते. तो बँकेच्या वहीतला शब्द आहे. तुझ्या वहीत तीच नोंद बँक खात्याला डेबिट. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

पवईकर
थोडं विषयांतर. आमच्या नीटीत (२०२३ पासून आयआयएम मुंबई) 'मंडी' नावाचा प्रकार होता, एक दिवस रस्त्यावर उभं राहून शैक्षणिक खेळणी विकायची. फाडफाड इंग्रजीवाले पहिला तास नुसते उभे. आमची जळगावची मैत्रीण "काकू, नातवाला गणित आवडतं का?" म्हणत विकत सुटली. एवढंच.

उल्हासकाठची
सगळ्यांचे खूप आभार. खर्डेघाशांनी सांगितलं तसा हिशोब मांडला, बाबा दोन दिवस घुम्यासारखे होते, काल म्हणाले दिवाळीपर्यंत राहून बघ. पुस्तपालन सुरू केलंय, तेरीज १४० रुपयांनी जुळत नाहीये.

फक्त एक. आज मावशींकडे जाऊन आले. खोली स्वच्छ आहे, पण त्या म्हणाल्या, रात्री साडेनऊनंतर दार उघडणार नाही, मुलींच्या बाबतीत त्या कडक आहेत.

चौथी_सीट
साडेनऊ?? अगं, मग मी ९.४० ला उठायचे ते बरं! दुसऱ्या मावशी शोध. डिपॉझिट दिलं नाहीस ना?

उल्हासकाठची
अर्धं दिलंय.